लांबचं धूसर, ॲपर्चर उघडंच, पावसाळ्यात परत बुरशी: जुन्या मॅन्युअल लेन्सचं दुखणं नेमकं कुठे शोधायचं

सेकंडहँड घेतलेली जुनी मॅन्युअल लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली की तक्रारी साधारण त्याच त्या येतात. दोन मीटरवरचा चेहरा झकास, पण समोरच्या टेकडीवर रोखली तर फोकसची रिंग अनंताच्या (∞, म्हणजे सगळ्यात लांबच्या) खुणेला टेकली तरी टेकडी धूसरच. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, एफ/८ इतकं लहान केलं तरी पार्श्वभूमी एफ/२ सारखीच विरघळलेली. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की सगळ्यावर साय धरल्यासारखी. आणि मे महिन्यात साफ करून घेतलेल्या लेन्समध्ये ऑगस्टात पुन्हा जाळं.

यातल्या पहिल्या दोन तक्रारींत लेन्सचा दोष क्वचित असतो. तरी स्क्रूड्रायव्हर पहिला लागतो तो लेन्सलाच, आणि चांगल्या लेन्सची वाट लागते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कॅमेऱ्याचं सेटिंग, मग ॲडाप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी), आणि अगदीच इलाज उरला नाही तर लेन्स.

उदाहरणासाठी इथे हेलिओस ४४-२ धरली आहे: ५८ मि.मी., एफ/२, एम४२ हा ४२ मि.मी. आट्यांचा माउंट (कॅमेऱ्याला जोडण्याची बैठक), ॲपर्चरची आठ पाती, जर्मन बायोटार लेन्सच्या रचनेवर बेतलेली आणि सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ढिगाने बनलेली. टाकुमार, पेंटाकॉन, याशिनॉन अशा बाकीच्या एम४२ लेन्सांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे वेगळं सांगितलं आहे.

शटरच पडत नाही, किंवा फोटो हललेला येतो

हे झटपट उरकू. जुन्या लेन्सला विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे पुढे लेन्स लावली आहे हेच कॅमेऱ्याला कळत नाही. सोनी, कॅनन आर आणि फुजीच्या मेनूत ‘लेन्स नसताना शटर चालू द्या’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो, तो चालू करा. मोड ‘ए’ (कॅननवर ‘एव्ही’) किंवा ‘एम’ ठेवा. पडद्यावर ॲपर्चरच्या जागी नुसत्या रेघा दिसतील, त्याची काळजी नको.

बॉडीतच स्थिरीकरण (हात हलल्याची भरपाई) असेल तर फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा मि.मी. चा आकडा, हाताने भरावी लागते. ५८ नसेल तर जवळचा आकडा चालतो. १३५ ची लेन्स लावून सेटिंग आधीच्या ५० वरच राहिलं, तर सेन्सर हवी त्यापेक्षा कमी भरपाई करतो आणि सगळे फोटो किंचित हललेले येतात. मग लोक लेन्सला ‘सॉफ्ट’ म्हणून विकायला काढतात.

अनंताला फोकस लागत नाही

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय ॲडाप्टरचा दोष पटत नाही. प्रत्येक माउंटला लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम४२ साठी ते ४५.४६ मि.मी. आहे, सोनी ई साठी १८, निकॉन झेडसाठी १६, कॅनन आरएफसाठी २०, फुजी एक्ससाठी १७.७. ॲडाप्टरची जाडी म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक. एम४२ ते सोनी ई ॲडाप्टर २७.४६ मि.मी. असायला हवा.

तो जाड निघाला तर लेन्स सेन्सरपासून जास्त पुढे बसते आणि अनंतापर्यंत पोचत नाही. किती लांबपर्यंत पोचेल हे काढायला सोपं सूत्र आहे: फोकल लेंथचा वर्ग भागिले जास्तीची जाडी. ५८ च्या लेन्सला फक्त ०.१ मि.मी. जाडी जास्त झाली तर ३३६४ भागिले ०.१, म्हणजे साधारण ३४ मीटर. त्यापलीकडचं काहीच नीट येणार नाही. तीच चूक २८ मि.मी. च्या लेन्सला आठ मीटरवर अडवते, आणि १३५ ला मात्र १८० मीटरच्या पुढे सोडते. त्यामुळे ‘हाच ॲडाप्टर माझ्या टेलीवर व्यवस्थित चालतो, म्हणजे दोष वाइड लेन्सचाच’ हा युक्तिवाद टिकत नाही. जाडीतली चूक वाइड लेन्सवर सगळ्यात आधी उघडी पडते.

एफ/८ ला हा दोष लपतो. फुल फ्रेमवर (३६×२४ मि.मी. च्या सेन्सरवर) एफ/२ ला सेन्सरपाशी पुढेमागे मिळून जेमतेम ०.१२ मि.मी. इतकीच सूट असते, एफ/८ ला ती चौपट होते. म्हणून तपासणी नेहमी लेन्स पूर्ण उघडी ठेवून करा.

स्वस्त ॲडाप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात, म्हणजे अनंत हुकण्याची तक्रार येत नाही. त्याचा परिणाम उलटा दिसतो: अनंत खुणेच्या आधीच लागतो. ५८ च्या लेन्सला ॲडाप्टर ०.२ मि.मी. पातळ असेल तर टेकडी स्पष्ट दिसते तेव्हा रिंग १७ मीटरच्या आसपास असते. २८ ला तर ४ मीटरच्या खुणेवरच अनंत. फोकस डोळ्याने लावणार असाल तर याने काही बिघडत नाही. रिंगवरचे आकडे बघून अंदाजाने फोटो काढणाऱ्यांना मात्र त्रास होतो.

तपासणी अशी:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडं. निदान अर्ध्या किलोमीटरवरची ठळक कडांची वस्तू निवडा: मोबाइलचा टॉवर, पाण्याची टाकी, रात्री लांबचा दिवा. चंद्रही चालतो. दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावरून किंवा पत्र्यांवरून बघू नका, गरम हवेच्या लहरींनीच सगळं हलतं.

२. पडद्यावर जास्तीत जास्त मोठं करून रिंग हळूहळू अनंताकडे न्या. फोकस पीकिंगच्या (फोकसमधला भाग कॅमेरा रंगवून दाखवतो त्या) रंगीत कडांवर विसंबू नका. एफ/२ वर त्या बऱ्याच अलीकडे-पलीकडेही चमकतात.

३. स्पष्टपणाचा उच्चांक येऊन मागे पडला आणि रिंग अजून पुढे जाते, तर ॲडाप्टर पातळ आहे, लेन्स ठीक आहे. रिंग टेकली तरी उच्चांक आलाच नाही, तर पुढे जा.

४. त्याच ॲडाप्टरवर दुसरी कुठलीही एम४२ लेन्स लावा. दोन्ही अडल्या तर ॲडाप्टर दोषी. एकच अडली तर ती लेन्स.

दुसरी लेन्स नसेल तर व्हर्निअर (बारीक मापाचा कॅलिपर) घ्या. ॲडाप्टरची जाडी चार ठिकाणी मोजा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कॅमेऱ्याकडची बैठक आणि लेन्स टेकते ती कड यांमधलं अंतर मोजायचं आहे. आत बसणारी नळी त्यात धरायची नाही, तिथेच बहुतेकांचं माप चुकतं. चार मापांत ०.०३ पेक्षा जास्त फरक आला तर ॲडाप्टर तिरका आहे आणि फोटोची एक बाजू कायम मऊ येणार.

एक बाजू मऊ येते, पण दोष ॲडाप्टरचा की लेन्सचा हे कळत नसेल, तर एक युक्ती आहे. बऱ्याच एम४२ ॲडाप्टरांत आट्यांची चकती वेगळी असते आणि बाजूने तीन बारीक ग्रब स्क्रूंनी (डोकं नसलेल्या स्क्रूंनी) धरलेली असते. लेन्सवरची खूण वर यावी म्हणून ती सोय केलेली असते. ते स्क्रू सैल करून लेन्स अर्धा फेरा फिरवा, परत आवळा आणि तोच फोटो काढा. मऊपणा डावीकडून उजवीकडे गेला तर लेन्सची काच तिरकी बसली आहे. जागचा हलला नाही तर ॲडाप्टर.

पातळ ॲडाप्टर जाड करणं सोपं आहे. दोन तुकड्यांच्या ॲडाप्टरमध्ये मधल्या सांध्यात पातळ पट्टी घालतात. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मि.मी. असतो, कात्रीने कापला जातो आणि दबत नाही. कागद घालू नका, पावसाळ्यात तो फुगतो. जाड ॲडाप्टर पातळ करण्याचा खटाटोप मात्र करू नका. काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं की एक बाजू जास्त घासली जातेच, आणि जाडीचा दोष जाऊन तिरकेपणाचा येतो. दुसरा ॲडाप्टर घ्या.

लेन्सच चुकीची घेतली असेल तर

इथे तीन सापळे आहेत, तिन्ही सेकंडहँड बाजारातले.

पहिला एम३९ चा. ३९ मि.मी. आट्यांच्या सोव्हिएत लेन्सा दोन जातींच्या आहेत. फेड आणि झॉर्की या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठीच्या लेन्सांचं अंतर २८.८ मि.मी. (ज्युपिटर-८ आणि इंडस्टार-६१ एल/डी यातल्या), तर सुरुवातीच्या झेनिटसाठीच्या लेन्सांचं ४५.२. आटे दिसायला सारखेच आणि एकमेकांत जातातही. ज्युपिटर-८ ला ३९ ते ४२ ची चकती लावून एम४२ ॲडाप्टरवर बसवली तर ती १६ मि.मी. पेक्षा जास्त पुढे जाते आणि वीतभर अंतरावरचंच काय ते दिसतं. लेन्स उत्तम असते, तिला लायका आट्यांचा ॲडाप्टर हवा असतो.

दुसरा सापळा एनलार्जरच्या (फिल्मवरून कागदावर मोठा फोटो छापण्याच्या यंत्राच्या) लेन्सचा. डार्करूम बंद झाल्यावर या ढिगाने बाजारात आल्या. आटे एम३९ चेच, काचही चांगली, पण फोकसची रिंगच नसते. हातात धरून फिरवून बघितलं की लगेच कळतं. मॅक्रोसाठी (अगदी जवळच्या फोटोंसाठी) बेलोजवर, म्हणजे लांब-आखूड होणाऱ्या भात्यावर, त्या सुंदर चालतात, पण पोर्ट्रेटसाठी म्हणून कोणी गळ्यात मारली तर फसवणूक आहे.

तिसरा, जुन्या डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचा). निकॉन एफचं अंतर ४६.५ आहे, एम४२ पेक्षा १.०४ मि.मी. जास्त. म्हणजे साधा ॲडाप्टर लावला की हेलिओस ३.३ मीटरपलीकडे बघूच शकत नाही. काच असलेले ॲडाप्टर मिळतात, पण ती एक स्वस्त काच चांगल्या सहा काचांवर पाणी फिरवते. निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ चा नाद सोडा आणि निकॉनच्याच जुन्या एआय लेन्सा घ्या. त्यातही १९७७ च्या आधीच्या, एआय नसलेल्या लेन्सा डी७००० सारख्या बॉडीवर चढवू नका, माउंटजवळचा मीटरचा खटका मोडतो. कॅननच्या ईएफ बॉडीवर एम४२ जमते, १.४६ मि.मी. ची चकती पुरते. फुल फ्रेम बॉडीत काही लेन्सांचा मागचा भाग अनंताला असताना आरशाला लागतो, तेवढं बघा. जुन्या कॅनन एफडी आणि मिनोल्टा एमडी लेन्सा मात्र ईएफ बॉडीवर अनंताला जाणार नाहीत: त्यांचं अंतर ४२ आणि ४३.५, बॉडीचं ४४.

लेन्स आधी कोणी उघडली असेल तर

दोन लेन्सा लावून बघितल्या, ॲडाप्टर मोजला, आणि तरी हीच एक लेन्स अनंताला जात नाही. आता भिंग घेऊन स्क्रूंची तोंडं बघा. खाचा चुरलेल्या, पुढच्या नावाच्या कड्यावर ओरखडे, अशी चिन्हं असली की कोणीतरी ती उघडली आहे हे नक्की.

फोकसच्या हेलिकॉइडला (लेन्स पुढेमागे सरकवणाऱ्या आट्यांच्या नळीला) अनेक आटे एकाच वेळी सुरू होतात. ग्रीस बदलताना तो वेगळा केला आणि परत जोडताना शेजारच्या आट्यात घातला, तर रिंग मऊ फिरते, सगळं छान वाटतं, पण अनंत चुकतो. यावर उपाय म्हणजे परत उघडून योग्य आट्यात घालणं. सवय नसेल तर ते जाणकाराकडे द्या. त्यापेक्षा सोपा दोष म्हणजे फोकसची रिंग सरकून बसलेली असणं. बऱ्याच एम४२ लेन्सांत ही रिंग परिघावरच्या तीन ग्रब स्क्रूंनी धरलेली असते. तिन्ही अर्धा-अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. लेन्स कॅमेऱ्यावरच ठेवून आतलं नळकांडं फिरवत टेकडी स्पष्ट करा, मग नुसती रिंग अनंताच्या खुणेला टेकवून स्क्रू आळीपाळीने आवळा.

मध्यभाग टोकदार आणि कडा वेड्यासारख्या फाटलेल्या, एफ/८ लाही सुधारत नाहीत, असं दिसलं तर साफसफाईत एखादी काच उलटी बसली आहे. हेलिओसची कड मुळातच जरा भोवऱ्यासारखी फिरते, त्यासाठीच तर लोक ती घेतात. पण तो भोवरा मागच्या पानाफांद्यांत दिसतो. फोकसमधल्या वस्तूची कड जर चिखल झाली असेल तर ती काच उलटी आहे.

रिंग फिरते, पाती हलत नाहीत

हेलिओस ४४-२ ला दोन ॲपर्चर रिंगा असतात. एक नुसती मर्यादा ठरवते, दुसरी पाती उघडबंद करते. एफ/८ ची मर्यादा लावून दुसरी रिंग न फिरवता फोटो काढला तर तो एफ/२ चाच येतो. पद्धत अशी: मर्यादा लावा, उघड्यावर फोकस करा, दुसरी रिंग न बघता थांबेपर्यंत फिरवा, फोटो काढा. सवय झाली की याच्यासारखी सोय नाही.

हेलिओस ४४एम, टाकुमार आणि बहुतेक नंतरच्या एम४२ लेन्सांना मागे एक बारीक पिन असते. कॅमेरा फोटोच्या क्षणी ती दाबायचा आणि पाती मिटायची. ॲडाप्टर ती दाबत नसेल तर रिंग एफ/१६ वर असली तरी पाती उघडीच राहतात. लेन्सवर ‘ए’ (आपोआप) आणि ‘एम’ (हाताने) असा खटका असेल तर ‘एम’ वर करा, प्रश्न मिटला. हेलिओस ४४एम-४ आणि पुढच्या आवृत्त्यांना हा खटकाच नाही. त्यांना आत कडा असलेला, पिन दाबणारा ॲडाप्टर लागतो. घेतानाच तसा मागून घ्या. पिन फेव्हिक्विकने चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, आणि मग तीच काढत बसावं लागतं.

कॅनन एफडीला हेच काम ॲडाप्टरवरची फिरती रिंग करते. ती ‘ओपन’ वर राहिली की लेन्सची रिंग कितीही फिरवा, फोटो उघड्याचाच.

पिन दाबूनही पाती सुस्त असतील तर त्यांवर तेल आलं आहे. हेलिकॉइडच्या जुन्या ग्रीसमधून उन्हाळ्याच्या उष्णतेने तेल सुटतं आणि ओघळत पात्यांवर येतं. टॉर्चच्या उजेडात पाती ओली, इंद्रधनुषी चमकतात. ४४-२ सारख्या हाताने फिरवायच्या लेन्सला थोडं तेल चालतं, कारण पाती रिंगेच्या जोराने हलतात. पिनवाल्या लेन्सची पाती मात्र हलक्या स्प्रिंगवर चालतात, त्यांना एक थेंबही पुरतो. फोकस जड झाला म्हणून शिलाई मशीनचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० सोडलेल्या लेन्सा बाजारात सर्रास दिसतात. रिंग लोण्यासारखी फिरते, विकणारा खूश, आणि ते तेल दोन महिन्यांत पात्यांवर आणि काचेवर येतं. चाळीस वर्षांच्या लेन्सची रिंग अजिबात विरोध न करता फिरत असेल तर संशय घ्या. थोडी जड बरी.

पाती साफ करायला लायटर फ्लुइड चालतं, पेट्रोल नाही, त्याचा थर राहतो. पुढचा किंवा मागचा काचांचा गट काढून टिश्यूचा तुकडा दोन-तीन थेंबांनी भिजवून पात्यांवर ठेवा, ॲपर्चर वीस-तीस वेळा उघडबंद करा, टिश्यू बदला. टिश्यूवर डाग यायचा थांबला की झालं. पाती सुटी करू नका, आठही पाती परत एकावर एक बसवताना रडू येतं.

धुरकट फोटो: टॉर्च कुठून मारायचा

ही तपासणी विकत घेतानाही करायची आहे, मग ते मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो किंवा घरपोच आलेलं पार्सल. ॲपर्चर पूर्ण उघडा. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा, मग उलट करून बघा. सरळ बघितलं तर काही दिसत नाही, तिरक्या उजेडात सगळं उघडं पडतं.

सुटे ठिपके म्हणजे धूळ, सोडून द्या. कडेकडून आत येणारे, फांद्या फुटलेले धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा, श्वास सोडल्यासारखा पडदा म्हणजे हेझ, बहुतेकदा ग्रीसच्या वाफेचा. कडेला चंद्रकोरीसारखी रुपेरी किंवा रंगीत चकाकी म्हणजे दोन चिकटवलेल्या काचांमधला बाल्सम (त्यांना जोडणारा पारदर्शक डिंक) सुटला. पुढच्या काचेवरच्या बारीक रेघा फोटोत जवळजवळ दिसत नाहीत, पण भाव मात्र त्यांच्यावरून पाडून घेता येतो. मागच्या काचेवरचा ओरखडा त्याच्या कितीतरी पट वाईट.

यात घ्यायला हरकत नाही अशी धूळ आणि पुढच्या रेघा. हेझ बहुधा पुसता येतो. बाल्सम सुटलेली लेन्स फुकट मिळाली तरी विचार करा. बुरशीचं पुढे सांगतो.

काच पिवळट चहासारखी दिसली तर घाबरू नका. टाकुमार ५० मि.मी. एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे आणि तिच्या किरणोत्सारामुळे ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील एलईडीखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. काच फोडू किंवा घासू नका, एवढी काळजी पुरे.

काच निर्मळ आहे, तरी फोटो धुरकट? मग ॲडाप्टरच्या आत डोकवा. स्वस्त ॲडाप्टरची आतली भिंत काळी पण चकचकीत असते, आणि फ्रेमबाहेरचा उजेड तिच्यावरून उसळून सेन्सरवर पडतो. आत काळी मखमली चिकटपट्टी लावा, धागे सुटणार नाहीत अशी. जोडीला हूड (लेन्सच्या तोंडावरची उजेड अडवणारी नळी) घ्या. ४४-२ चा फिल्टरचा आटा ४९ मि.मी., ४४एम-४ चा ५२. जुन्या कोटिंगच्या (काचेवरच्या चकाकी रोखणाऱ्या थराच्या) लेन्सला हूड लावणं म्हणजे फुकटात मिळालेला कॉन्ट्रास्ट.

दर पावसाळ्यात परत येणारी बुरशी

मुंबई, कोकण, गोवा इथल्या लोकांची ही खरी तक्रार, आणि तिचं कारण साफसफाईत नसतं, साठवणीत असतं. हवेतला दमटपणा ६०-६५ टक्क्यांवर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनारपट्टीवर घरातली हवा त्याच्या वरच असते. बीजकण सगळीकडे असतात, पुसून ते संपत नाहीत.

साफ करायचीच असेल तर आधी लेन्सची रचना समजून घ्या. हेलिओसमध्ये सहा काचा चार गटांत आहेत: पुढे एक सुटी, मग चिकटवलेली जोडी, मध्ये पाती, परत चिकटवलेली जोडी, मागे एक सुटी. बुरशी जास्त करून पात्यांकडे तोंड असलेल्या पृष्ठांवर आणि सुट्या काचांच्या आतल्या बाजूला सापडते. तिथवर हात पोचतो. जोडीच्या मध्ये घुसलेली असेल तर सोडून द्या.

औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. कापसाची काडी भिजवून काचेवर फिरवा, पाच मिनिटं ओलं राहू द्या, पुसा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लेन्स टिश्यूवर घेऊन मधून कडेकडे गोल फिरवत पुसा, प्रत्येक फेऱ्याला टिश्यूची नवी बाजू. चिकटवलेल्या जोड्या द्रावणात बुडवू नका. ॲसिटोन लांब ठेवा, ते कडेचा काळा रंग आणि बाल्सम दोन्ही खातं. प्रत्येक काच काढताना मोबाइलवर फोटो काढा आणि फुगीर बाजू कुठे होती ते पेन्सिलीने लिहा. वर सांगितलेल्या उलट्या काचा याच टप्प्यावर जन्माला येतात.

पुसल्यावरही धाग्यांचे पुसट ठसे राहिले तर बुरशीने कोटिंग, कधी काचही, खाल्ली आहे. ते आता जाणार नाहीत. घासत बसू नका. थोडे ठसे फोटोत कळतही नाहीत.

उन्हात ठेवण्याच्या सल्ल्याबद्दल. ऊन वाढ रोखायला थोडी मदत करत असेल, पण असलेलं जाळं काढत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं. शिवाय झाकण नसलेली लेन्स म्हणजे भिंग आहे, मागचा पडदा जळू शकतो. जंतुनाशक अतिनील ट्यूबने आतल्या काचांना काहीच होत नाही, कारण ते किरण पुढची काचच अडवते.

साठवणीचं असं करा. सोबत आलेलं जुनं चामड्याचं केस टाकून द्या, कितीही देखणं असलं तरी. बुरशीचं बियाणं त्यातच असतं. रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या. दहा लिटरच्या डब्याला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घाला. शेजारी छोटा डिजिटल हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा) ठेवा. हा काही हौसेचा खर्च नाही, त्याच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार होतो. आकडा ४० ते ५० मध्ये राहायला हवा. फार कोरडंही नको, ग्रीस सुकतं. लेन्सा आठ-दहा झाल्या की विजेवरचं ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) परवडतं.

तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याची पद्धत बंद करा. तांदूळ ओल फारशी शोषत नाही, पीठ मात्र हेलिकॉइडमध्ये जातं. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. खिडकी नसलेलं लोखंडी कपाट ही सगळ्यात वाईट जागा, आणि लेन्सा नेमक्या तिथेच सापडतात.

एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर पावसाळी हवेत आलात तर बॅग उघडण्याआधी अर्धा तास जाऊ द्या. नाहीतर काचेवर दव धरतं, आतल्या बाजूलाही, आणि ते तसंच डब्यात बंद झालं तर सिलिका जेल एका रात्रीत संपतं.

सिलिका जेल संपलं हे रंगावरून कळतं: केशरी असेल तर हिरवं होतं, निळं असेल तर गुलाबी. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास पसरून ठेवलं की परत कामाला येतं. रंगीत दाणे खाण्याच्या भांड्यांत भाजू नका. गार होताना ते हवेतली ओल परत ओढतं, म्हणून कोमट असतानाच झाकणाच्या बरणीत भरा. डबा फारसा उघडला नाही तर जूनमध्ये भरलेलं जेल गणपतीपर्यंत टिकू शकतं. रोज उघडत असाल तर दर दोन आठवड्यांनी हायग्रोमीटर बघा, आणि आकडा ५५ च्या वर दिसला की त्याच दिवशी जेल बदला.